गाडीचे ॲव्हरेज: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीचे ॲव्हरेज काढायला दोनच मोजमापे लागतात. गाडी किती किलोमीटर चालली आणि तेवढ्यात किती इंधन जळले. पहिल्याला दुसऱ्याने भागले की आकडा हाती येतो. भागाकार सहसा कुणाचा चुकत नाही, चुकतात ती ही दोन मोजमापे. पावतीवर लिहिलेले असते ते किती इंधन भरले एवढेच, किती जळले हे नव्हे. आणि मीटरवर दिसणारे अंतर म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून बांधलेला अंदाज असतो. ॲव्हरेजबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन फटींतूनच शिरतात.

त्यातला सर्वांत रुजलेला समज असा, की कंपनीने छापलेला 'एआरएआय' आकडा निव्वळ थाप असतो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यातली संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिथे किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात होणाऱ्या या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाके डायनॅमोमीटरच्या रुळांवर ठेवतात आणि सेकंदासेकंदाला ठरवून दिलेल्या वेगाने ती जागच्या जागी चालवतात. भारतात आजवर वापरले गेलेले वेगचक्र ११८० सेकंदांचे आहे. त्यात शहरी वाहतुकीचा १९५ सेकंदांचा तुकडा चार वेळा येतो आणि मग शहराबाहेरचा ४०० सेकंदांचा एक तुकडा येतो. शहरी भागात वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जात नाही, बाहेरच्या भागात ९० च्या पुढे जात नाही. सगळे मिळून वीस मिनिटांत सुमारे साडेदहा किलोमीटर. एसी बंद, चढ नाही, खड्डे नाहीत, समोरून वारा नाही आणि मागे दुचाकीवाल्यांचा हॉर्नही नाही.

इंधनसुद्धा तिथे मापाने ओतून मोजत नाहीत. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात. इंधनातला कार्बन कुठे नाहीसा होत नाही, त्यामुळे ही रीत पंपावरच्या कोणत्याही हिशेबापेक्षा अचूक ठरते. म्हणजे आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. दोन गाड्या एकाच परीक्षेला बसवल्या तर कोणती कमी पिते, एवढे तो नेमके सांगतो. हिंजवडीच्या सकाळच्या कोंडीत काय होईल, हे त्याला कुणी विचारलेलेच नसते. हे चक्र ज्या युरोपीय चक्रावर बेतलेले आहे, ते फार सौम्य असल्याची टीका युरोपातही झाली. २०१७ पासून तिथे नव्या गाड्यांसाठी अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरची आणि ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी चाचणी लागू झाली. गाड्या त्याच राहिल्या, पण कागदावरची ॲव्हरेजे खाली आली.

खरे ॲव्हरेज मग स्वतःच काढावे लागते. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकायचे आणि काटा पुन्हा पहिल्या जागी येईपर्यंत किती चालली ते पाहायचे, ही रीत सर्रास वापरली जाते. ती जवळपास निरुपयोगी आहे. काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो, टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि उतारावर उभ्या गाडीत काटा वेगळे सांगतो. वरचा पाव भाग आणि खालचा पाव भाग सारख्याच लिटरचा असेल, याची खात्री नसते. इंधनाचा दिवा लागण्यावरून मोजणेही तितकेच कच्चे. जुन्या मोटरसायकलींची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रिझर्व्हचा कॉक असे, पेट्रोलची पातळी ठरावीक नळीच्या तोंडाखाली गेली की इंजिन अडखळत असे. त्यामुळे 'रिझर्व्ह ते रिझर्व्ह' हा हिशेब बराच भरवशाचा होता.

चारचाकीसाठी विश्वासाची रीत म्हणजे टाकी फुल करणे. नॉझलचा खटका आपोआप पडेपर्यंत इंधन भरावे, ट्रिप मीटर शून्यावर आणावे, गाडी रोजच्यासारखी वापरावी आणि पुन्हा खटका पडेपर्यंत भरावे. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितकेच मधल्या अंतरात जळले. पहिल्या वेळची पावती हिशेबात येत नाही. अनेक जण ती धरतात आणि मग गाडी फारच पिते म्हणून मेकॅनिककडे जातात.

खटका पडतो कसा, हे कळले की या रीतीची मर्यादाही कळते. नॉझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि भरताना त्यातून हवा ओढली जात असते. इंधन तिथवर चढले की छिद्र बुजते, आतली ओढ वाढते आणि झडप बंद होते. पण इंधनाला फेस आला (डिझेलला तो जास्त येतो), धार जोरात असली किंवा गाडी एका बाजूला कललेली असली, तर खटका लवकर किंवा उशिरा पडतो. एवढ्याने एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. दहा लिटरच्या हिशेबात एक लिटर म्हणजे दहा टक्के चूक, तीस लिटरच्या हिशेबात तीन टक्क्यांच्या थोडी वर. पण सलग पाच टाक्यांचे मिळून दीडशे लिटर धरले, तरी चूक होते ती पहिल्या आणि शेवटच्या खटक्यातच, मधल्या खटक्यांच्या चुका एकमेकींत जिरतात. म्हणून एका टाकीचा आकडा म्हणजे अंदाज आणि पाच-सहा टाक्यांचा आकडा म्हणजे मोजमाप. तोच पंप, तीच बाजू आणि शक्य तर तेच नॉझल ठेवले की बाकीची धूळही बरीच बसते. खटका पडल्यावर 'अजून थोडे' म्हणत गळ्यापर्यंत भरल्याने मात्र अचूकता वाढत नाही. जास्तीचे पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो खराब करू शकते.

याच ठिकाणी पंपावरची भांडणेही होतात. माहितीपुस्तिकेत टाकी ३७ लिटरची लिहिलेली असते आणि पावती ४० लिटरची येते, तेव्हा फसवणूक झाली असे वाटते. पुस्तिकेतला आकडा टाकीच्या नेहमीच्या भरण्याचा असतो. वाफेसाठी सोडलेली जागा आणि भरण्याची नळी त्यात धरलेली नसते, काठोकाठ भरले तर त्यांतही इंधन मावते. याचा अर्थ पंपावर लबाडी होतच नाही असा नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने इलेक्ट्रॉनिक फेरफार केलेल्या अनेक पंपांवर छापे घातले होते. संशय आलाच तर पावतीवर वाद घालण्यापेक्षा पंपावर ठेवलेले पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. ग्राहकाला तो हक्क आहे आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो. हा अर्धा टक्का होतो. वीसच्या ॲव्हरेजमध्ये त्याने एक दशांश किलोमीटरचा फरक पडतो. अचानक वीसचे पंधरा झाले, तर त्याचे कारण या सवलतीत सापडणार नाही. पाचशेऐवजी ५०५ रुपयांचे भरल्याने माप बदलते, ही समजूत तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

अंतराच्या मोजणीकडे सहसा कुणी संशयाने पाहत नाही, हे चमत्कारिकच आहे. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि त्यांना कंपनीने ठरवलेल्या परिघाने गुणतो. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर असतो. त्याजागी १९५/६५ आर १५ बसवला की तो सुमारे ६३४ होतो, म्हणजे दोन टक्के जास्त. आता मीटरवर हजार किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०२० चालून गेलेली असते. मोठे टायर घातल्यावर ॲव्हरेज पडले, या तक्रारीतला काही भाग एवढाच असतो. झिजलेला टायर याच्या उलट वागतो. तो लहान होतो, फेऱ्या जास्त घेतो आणि ॲव्हरेज किंचित फुगवतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा जीपीएसशी चाळीस-पन्नास किलोमीटरचे अंतर एकदा ताडून पाहिले की आपल्या मीटरचा गुणक मिळतो. स्पीडोमीटर वेग थोडा चढवून दाखवतो म्हणून अंतराचा मीटरही तितकाच चढवून दाखवत असेल, असा तर्क मात्र करू नये. वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू नये असा नियम असल्याने स्पीडोमीटर मुद्दाम तसा ठेवतात, किलोमीटरची मोजणी वेगळी चालते.

डॅशबोर्डवरच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज दशांशासकट येते, त्यामुळे ते पक्के वाटते. पडद्यामागे मोजपात्र नसते. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला, यावरून संगणक इंधनाचा अंदाज करतो. इंधनाचा दाब, इंजेक्टरची झीज आणि कंपनीने आत घातलेली गृहीतके यांप्रमाणे तो अंदाज हलतो आणि बहुधा मालकाला खूश करणाऱ्या दिशेने हलतो. तरी तो टाकाऊ नाही. चार-पाच टाक्यांत पडद्यावर १८.५ आले आणि पावत्यांवरून १७.४ आले, तर पुढे पडद्यावरच्या आकड्याला ०.९४ ने गुणत जावे. काल आणि आज यांची तुलना करायला पडदाच सोयीचा.

आकडे बरोबर असूनही सरासरी चुकू शकते. एका टाकीत गाडी महामार्गावर ४०० किलोमीटर चालली आणि २० लिटर लागले, म्हणजे वीसचे ॲव्हरेज. पुढचे ४०० किलोमीटर शहरात गेले आणि ४० लिटर लागले, म्हणजे दहाचे. वीस आणि दहाची सरासरी पंधरा असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ८०० किलोमीटरला ६० लिटर लागले, म्हणजे ॲव्हरेज १३.३. ॲव्हरेजांची सरासरी कधी काढू नये, किलोमीटरांची बेरीज आणि लिटरांची बेरीज करून मगच भागावे.

एकाच प्रवासावरून निकाल देण्यातला धोका पुणे-मुंबई रस्त्यावर चांगला दिसतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि मुंबई समुद्रालगत. माणसांसकट १२०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला सुमारे साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातला पाव हिस्सा किंवा थोडे अधिकच चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे निव्वळ उंचीपोटी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात नऊ-साडेनऊ लिटर लागत असतील, तर हा फरक नगण्य नाही. पुण्याहून मुंबईला उतरताना काढलेले ॲव्हरेज अभिमानाने सांगणाऱ्याने परतीचेही सांगावे. खंडाळ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ते आणखी वाढवता येते, हा समज तर चुकीचा आणि जिवाशी खेळणारा आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो.

इंधनाबद्दलच्या समजुतींत पहाटे भरलेल्या थंड पेट्रोलची समजूत जुनी आहे. पेट्रोल एका अंशाला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते, एवढे खरे. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान पहाट ते दुपार फारसे हलत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी तीस लिटरमागे साठ मिलिलिटर होतात. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचेही तसेच. ऑक्टेन म्हणजे इंजिनात 'नॉकिंग' न होऊ देण्याची क्षमता, इंधनातली ऊर्जा नव्हे. ज्या इंजिनाला साधे पेट्रोल पुरते, त्याला त्यातून सहसा फायदा नाही.

इथेनॉलचा परिणाम मात्र कल्पित नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या ॲव्हरेजमध्ये सहा ते सात टक्के घट अंदाजली होती. जुन्या गाडीचे आजचे आकडे पाच-सात वर्षांपूर्वीच्या वहीशी ताडताना हे वजा करावे आणि मगच इंजिनाला दोष द्यावा.

सीएनजी किलोने मिळतो आणि एका किलोत एका लिटर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते. म्हणून किलोमागे ३० आणि लिटरमागे २० ही ऊर्जेच्या हिशेबाने बरोबरी झाली, पन्नास टक्के सरशी नव्हे. सिलिंडर 'फुल' झाला की नाही, हेही पंपाचा दाब आणि भरताना तापलेला वायू ठरवतो, त्यामुळे इथे एका भरण्यावरून काढलेला आकडा पेट्रोलपेक्षाही बेभरवशाचा. अनेक गाड्या सुरू होताना पेट्रोल घेतात, ते हिशेबाबाहेर राहते. सीएनजीवाल्याने महिनाभराचे किलो, लिटर आणि रुपये एकत्र मांडून किलोमीटरमागचा खर्च काढावा.

शेवटचा गैरसमज मोजणीतला नसून आकडा वाचण्यातला आहे. ॲव्हरेज २० वरून २४ झाले ही १० वरून १२ होण्यापेक्षा मोठी मजल वाटते. हजार किलोमीटरला पहिल्या गाडीचे ५० लिटरचे ४१.७ होतात, म्हणजे ८.३ लिटर वाचतात. दुसरीचे १०० चे ८३.३ होतात, म्हणजे १६.७ लिटर वाचतात. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात हाच दृष्टिभ्रम मांडला होता. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असा उलटा आकडा वापरतात, त्यात हा घोळ होत नाही. घरात दोन गाड्या असतील आणि एकच बदलणे परवडत असेल, तर धाव सारखी असताना कमी ॲव्हरेजची गाडी आधी बदलावी.