मुद्दल न मोडता

नाशिकच्या इंदिरानगरात बसून हिशेब तपासणीचं काम करताना छोट्या कौटुंबिक न्यासांच्या फायली माझ्या टेबलावर कायम असतात. आई-वडिलांच्या नावाने काढलेला ट्रस्ट. विश्वस्त म्हणजे दादा, वहिनी, ताई आणि घरोब्याचे एखादे डॉक्टर. कार्यालय म्हणजे राजीवनगर किंवा चेतनानगरमधल्या फ्लॅटचा दिवाणखाना आणि मालमत्ता म्हणजे बँकेतली मुदत ठेव. अशा न्यासांची बातमी कुठे छापून येत नाही. पण पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतली पुस्तकं, एखाद्या मुलीची नर्सिंगची फी, विशेष मुलांच्या शाळेतल्या ताईंचं मानधन, हे सगळं त्यांच्या व्याजावर चालतं. निवृत्तीनंतर असा न्यास काढावा असं मनात असलेली कुटुंबंही आता बरीच भेटतात. म्हणून हा पैसा कसा जातो आणि कसा जायला हवा, ते नीट समजून घेऊ.

आधी साधं गणित. पन्नास लाखांची ठेव आणि सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला साडेतीन लाख रुपये येतात. आयकरातली सूट टिकवायची असेल तर उत्पन्नाच्या ८५ टक्के, म्हणजे २,९७,५०० रुपये, न्यासाच्या उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. एखाद्या मोठ्या कामासाठी पैसा साठवायचा असेल, तर ते काम आधी जाहीर करून पाच वर्षांपर्यंत तो बाजूला ठेवता येतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आणखी एक नियम आला. तुमच्या न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला शंभर रुपये दिले, तर खर्च म्हणून त्यातले ८५च धरले जातात. म्हणजे फक्त संस्थांनाच देणग्या देणाऱ्या घराला ८५ टक्क्यांची अट पुरी करायला सगळेच्या सगळे साडेतीन लाख वाटावे लागतील. विद्यार्थ्याची फी थेट कॉलेजात भरली, तर ती रक्कम पूर्ण धरली जाते. शिष्यवृत्तीकडे वळणाऱ्या न्यासांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आता देण्याच्या तऱ्हा. सगळ्यात जास्त दिसते ती विखुरलेली. बैठक मार्चमध्ये, ३१ तारीख डोक्यावर. ताईंच्या ओळखीच्या दोन संस्था, दादांच्या दोन, गेल्या वर्षी दिलं म्हणून यंदाही द्यायच्या आठ-दहा. यादी अशी होते: वृद्धाश्रम ५,०००, अंधशाळा ५,०००, वाचनालय ३,०००, वसतिगृहाला पंखे ११,०००. कोणाला नाही म्हणणं जिवावर येतं, आणि त्यामागचं मन चांगलंच असतं. पण घेणाऱ्या बाजूने पाहा. पाच हजारांसाठीही संस्थेला अर्ज, पॅन, आयकर सवलतीची बारा-ए आणि ऐंशी-जी प्रमाणपत्रं, मागच्या वर्षाचा ताळेबंद, कार्यक्रमाचे फोटो आणि शेवटी विनियोगाचा दाखला द्यावा लागतो. लाखाच्या देणगीलाही हीच कागदपत्रं लागतात. चाळीस देणगीदार सांभाळणाऱ्या छोट्या संस्थेच्या एका माणसाचं निम्मं वर्ष याच कामात जातं.

दुसरी तऱ्हा स्मरणार्थ वस्तूंची. कपाट, बाक, पाण्याची टाकी, त्यावर नाव. वस्तू डोळ्यांना दिसते, त्यामुळे समाधान मिळतं. पण संगणक आला तरी शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. तिसरी तऱ्हा शिष्यवृत्तीची. ती उत्तम, फक्त पहिल्या वर्षाची फी भरून हात काढून घेतला तर मूल अधांतरी राहतं. चौथी तऱ्हा सर्वात विरळा: एखाद्या संस्थेतल्या माणसाचं मानधन, जागेचं भाडं, गाडीचं डिझेल वर्षानुवर्षं देत राहणं. माझ्या मते छोट्या न्यासाने करावं ते हेच.

याचा फार जुना आणि अतिशय चोख दाखला इंदिरानगरपासून फार लांब नाही. पाथर्डी फाट्यापलीकडच्या डोंगरातल्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात तो कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली. त्याची पत्नी दक्षमित्रा हिच्या दानाचा लेखही तिथेच आहे, म्हणजे देणारं अख्खं घर होतं. ठेव गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने; दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यायचे. हिशेब मांडून बघा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका नाण्याचा फरक नाही! उरलेल्या हजाराचं व्याज भिक्षूंच्या इतर गरजेसाठी. वर हे सगळं निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवल्याचंही लेखात सांगितलं आहे. किती द्यायचं, कोणाला, कशासाठी, पैसा कुठून येणार आणि नोंद कुठे, ही पाचही उत्तरं एका लेखात मिळतात. आजच्या कितीतरी ट्रस्ट डीडमध्ये ती मिळत नाहीत.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दुसरा धडा आहे. नहपानाचा पराभव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने पूर्वी उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत त्रिरश्मी, म्हणजे याच लेण्यांच्या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. काही वर्षांनी लक्षात आलं की ते शेत कोणी कसत नाही आणि गावही ओस पडलं आहे. तेव्हा त्याने आणि त्याच्या आईने मिळून नवी आज्ञा काढली आणि शहराच्या हद्दीवरच्या सरकारी जमिनीतली शंभर निवर्तनं त्याऐवजी दिली. दिलेलं दान पोचलं का, उपयोगी पडलं का, हे राजाने पुन्हा पाहिलं आणि दुरुस्त केलं. पावती फायलीला लागली की आपलं काम संपलं असं मानणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हा लेख वाचावा.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात मला आदर्श वाटतं ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचं देणं. स्वतःच्या कलेच्या उत्पन्नातून त्यांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशन उभं केलं. त्यांची तऱ्हा वेगळी होती: ज्याच्यावर विश्वास बसला त्याला कामाच्या सुरुवातीलाच भरीव रक्कम द्यायची. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, ते पु. ल.-सुनीताबाईंच्या मदतीने. आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात ज्या इमारतीत मुलांसाठी विज्ञान शोधिका चालते, ती ‘पुलस्त्य’ इमारतही त्याच फाउंडेशनच्या देणगीतली. आयुका उभारणारे जयंत नारळीकर स्वतः जे. एन. टाटा एंडाउमेंटची शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले होते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली ही मदत कर्जाच्या रूपाने दिली जाते. विद्यार्थी कमावता झाला की परत करतो आणि तोच पैसा पुढच्याच्या शिक्षणाला जातो. कार्यकर्त्यांसाठीही असा विचार आपल्याकडे झाला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला पैसा उभा करून दिला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं.

उषवदात, टाटा, पुलं यांच्या रकमा एकसारख्या नव्हत्या, काळही एक नव्हता. तरी प्रत्येकाने आपण काय देणार हे आधी ठरवलं आणि मग प्रत्येकजण त्याच्याशी प्रामाणिक राहिला. साडेतीन लाखांच्या न्यासालाही हे जमतं. तीन संस्था निवडा आणि त्यांना पाच वर्षांचा शब्द द्या. दरवर्षी प्रत्येकी एक लाख, म्हणजे महिन्याला आठ हजारांहून थोडे अधिक. ग्रामीण भागातल्या एका बालवाडीताईचं मानधन त्यात निघू शकतं, आणि पुढच्या जूनमध्ये आपण कामावर असू की नाही ही तिची काळजी मिटते. उरलेले पन्नास हजार अडीअडचणीसाठी ठेवा: कोणाचं ऑपरेशन, कुठे पूर, कोणाची अचानक थकलेली फी. नातेवाइकाने संस्था सुचवली तर तिलाही याच पन्नास हजारांत बसवा. वर्षातून एकदा सगळ्या विश्वस्तांनी तिथे जाऊन यावं आणि जे पाहिलं ते इतिवृत्तात लिहावं.

न्यास आधीच असेल तर एक काम या महिन्यातच करा. गेल्या दहा वर्षांच्या सगळ्या देणग्या एका कागदावर उतरवा: संस्था, रक्कम, कारण, सलग किती वर्षं. हा कागद सगळ्या विश्वस्तांसमोर ठेवा आणि एकच विचारा, आपण उद्या थांबलो तर यातल्या कोणत्या संस्थेचं काम अडेल? एकाही नावापुढे खूण करता आली नाही, तर मार्चची वाट पाहू नका. बैठक आत्ताच बोलवा.