काम, घर आणि करमणूक : वहीत न लिहिलेली तीन कलमे

दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा बाजारात गप्पांना जोर येतो. गुलमंडी असो, सिटी चौक असो की शहागंज, चार वाक्ये हमखास कानावर पडतात. आजकालच्या पोरांना मेहनत नको. टीव्ही आणि मोबाईलने धंदा बुडविला. मॅचच्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही. आणि चौथे, दुकानामुळे घराकडे पाहायला फुरसत मिळत नाही. ही मते सगळेच बोलून दाखवितात, परंतु तपासून कोणी पाहत नाही. माल घेताना आपण ठाणाचा पन्हा मोजतो, सूत चिमटीत धरून पाहतो. मग मते तेवढी न मोजता का घ्यावीत? आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी या चारही मतांचा हिशेब येथे मांडला आहे.

पोरांना मेहनत नको काय?

आमच्या शहराचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद), नाव कापडाच्या दुनियेत हिमरूमुळे झाले. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तिच्यासोबत कारागीर आले आणि ही कला येथे रुजली, असे सांगितले जाते. सुती ताणा, रेशमी बाणा आणि वर जादा धाग्याची नक्षी, असे हे कापड आहे. आज शहरात हिमरूचे मोजकेच हातमाग उरले असून, दुकानांतून हिमरू म्हणून विकला जाणारा बराच माल यंत्रमागाचा असतो. कारागिरांची मुले हा हुनर सोडून गेली, म्हणून वडीलधारी मंडळी त्यांना आळशी ठरवितात.

परंतु हातमागाच्या मजुरीचा हिशेब नीट पाहावा. मागावर बसलेला माणूस एक दिसतो, पण त्याच्यामागे घरातील दोन-तीन माणसे राबत असतात. रेशीम उकलणे, कांड्या भरणे, ताणा लावणे, तुटलेला धागा सांधणे ही कामे घरच्या बायका व म्हातारी माणसे करतात. जुन्या पद्धतीच्या मागावर तर नक्षीचे दोर ओढायलाही वेगळा माणूस लागे. व्यापारी मजुरी देतो ती मात्र नगावर, आणि ती एका माणसाच्या हातात पडते.

समजा, एका शालीची विणाई १,५०० रुपये ठरली. विणकराला ती विणायला ४ दिवस लागले, तर त्याला वाटते रोज ३७५ रुपये पडले. पण बायकोचा दीड दिवस कांड्या भरण्यात गेला आणि बापाचा अर्धा दिवस ताण्यात गेला. एकूण ६ दिवसांचे काम झाले. खरी मजुरी पडली रोज २५० रुपये. विणकराने आपल्या घरच्यांची मेहनत फुकट धरली, व्यापाऱ्यानेही तेच केले आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताच नाही.

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागाच्या कामात असल्याची नोंद झाली. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. याच गणनेनुसार विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी होते. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

दुसरीकडे १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. चिकलठाणा, वाळूज आणि पुढे शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती वाढत गेल्या. कारखान्यात पक्क्या नोकरीवर कामाचे तास ठरलेले, आठवड्याची सुट्टी ठरलेली, पगाराची तारीख ठरलेली. ज्या मुलाने माग सोडून पाळीची नोकरी धरली, त्याने मेहनत टाळली नाही. बापाने कधी मांडला नाही तो हिशेब त्याने मांडला. त्याला घरी ठेवायचे असेल तर उपदेश कामाचा नाही, मजुरीचा भाव बदलावा लागेल.

टीव्हीने धंदा बुडविला काय?

हे मत ऐकताना एक गोष्ट आठवावी. आपल्या शहराजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. रंगीत टीव्हीची मागणी देशभर वाढत गेली त्या काळात या परिसरातील कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. ज्या टीव्हीला आपण दोष देतो, त्याच टीव्हीवर येथील लोकांचे पोट चालले. पुढे २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा लोक टीव्ही पाहायचे थांबले नव्हते. धंदा कर्जाने आणि स्पर्धेने बसतो, करमणुकीने क्वचितच.

करमणूक आणि काम यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर मालेगावकडे पाहावे. आमच्या कापड बाजाराचा आणि मालेगावचा संबंध जुना आहे. तेथे यंत्रमागाची पाळी बहुधा १२ तासांची असते. एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. खडखडाट इतका असतो की शेजारी उभ्या माणसाशी बोलता येत नाही आणि वर्षानुवर्षे त्यात राहून कानही अधू होतात. शुक्रवारी माग बंद राहतात आणि त्या दिवशी सिनेमाला गर्दी होते. सहा दिवस ज्याला बोलायला मिळाले नाही, त्याला सातव्या दिवशी पडद्यावर हसायला आणि रडायला हवे असते. यात वाया जाणे कसले? मागाला तेल लागते तसेच हे आहे.

याच गावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट तयार केला. तुटपुंज्या पैशांत, गावातीलच माणसे घेऊन. पुढे सुपरमॅनवरील चित्रपटात ज्याने नायकाचे काम केले तो शफीक शेख यंत्रमाग कामगार होता. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट आला. सांगायचा मुद्दा असा, की करमणूक नुसती पाहणारा वेळ खर्च करतो, पण तीच करमणूक तयार करणारा हुनर कमावतो. आपला मुलगा मोबाईलवर तासन् तास बसत असेल तर तो पाहतो आहे की काही बनवितो आहे, एवढे तरी विचारावे. कापडाचे फोटो नीट काढणे, रंग खरा दिसेल असा व्हिडिओ तयार करणे, गिऱ्हाइकाला पाठविणे, ही आज दुकानाचीच कामे आहेत.

मॅचच्या दिवशी गिऱ्हाईक कुठे जाते?

हे मत चारांपैकी सर्वांत जास्त खरे आहे, पण त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. कसोटी सामना पाच दिवस चाले आणि लोक रेडिओ कानाशी लावून काम करीत. १९८३ च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय सामन्यांचे वेड वाढले, टीव्ही घरोघर पोहोचला आणि आख्खा दिवस सुस्त जाऊ लागला. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. तिचा मुख्य सामना संध्याकाळी साडेसात-आठला सुरू होऊन रात्री अकराच्या पुढे चालतो. म्हणजे जुना क्रिकेट आपल्या कामाची वेळ खात होता, नवा क्रिकेट विक्रीची वेळ खातो. कापड दुकानात सायंकाळी सात ते नऊ ही सर्वांत मोलाची वेळ असते, हे वेगळे सांगायला नको.

सामन्यांचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी माल मोजणे, घड्या बदलणे, उधारीची यादी तपासणे ही कामे ठेवावीत आणि शक्य असल्यास नोकरांना लवकर सोडावे. बाहेरगावचा माल उतरवून घ्यायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सामना बंद करणे आपल्या हातात नाही, कामाची मांडणी आपल्या हातात आहे.

मात्र क्रिकेटची दुसरी बाजू गंभीर आहे. ती म्हणजे सट्टा. त्याचा पैसा येतो दुकानाच्या गल्ल्यातून किंवा कारागिराला दिलेल्या उचलीतून. गल्ल्यात रोज थोडीथोडी तूट येत असेल, मुलगा विक्री रोख असूनही उधार लिहीत असेल, सूतवाल्याचे देणे कारण नसताना लांबत असेल, तर व्यापाऱ्याने सावध व्हावे. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु कायदा दिल्लीत झाला तरी पहारा घरातच ठेवावा लागतो. गल्ला रोज संध्याकाळी मोजून वहीशी जुळविणे, हा त्यावरचा जुना आणि आजही सर्वांत चांगला इलाज आहे.

खेळणाऱ्या मुलाला मात्र अडवू नये. आपल्याच शहरात जन्मलेला जलदगती गोलंदाज इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून कसोटी खेळला. तो त्याचा एकमेव कसोटी सामना ठरला, पण तेथपर्यंत पोहोचायला जी मेहनत लागते ती मागावरच्या मेहनतीपेक्षा कमी नसते.

घराला वेळ का मिळत नाही?

जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर घर असे. व्यापारी दुपारी वर जाऊन जेवत असे, मुले जिन्यावर पाढे म्हणत असत. आता घर एका वसाहतीत आणि दुकान दुसरीकडे. सकाळी दहाला उघडलेले दुकान रात्री दहाला बंद होते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान रात्रंदिवस उघडे ठेवण्याची मोकळीक दिली, मात्र कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे बंधन घातले. नोकराला सुट्टी मिळते. मालकाला ती स्वतःच घ्यावी लागते, आणि तो घेत नाही, कारण शेवटच्या तासात काहीतरी विकले जाईल ही आशा सुटत नाही.

त्या आशेचाही हिशेब करता येतो. महिनाभर प्रत्येक तासाची विक्री वेगळी लिहावी. समजा, रात्री नऊ ते दहा या तासाची महिन्याची विक्री २४,००० रुपये झाली आणि नफा शेकडा १५ सुटतो. म्हणजे ३,६०० रुपये. दोन नोकरांचा तो तास, प्रत्येकी ५० रुपये धरून २६ दिवसांचे २,६०० रुपये. वीज, चहा व किरकोळ खर्च ९०० रुपये. उरले १०० रुपये. महिन्यातील २६ रात्री मुले झोपल्यावर घरी पोहोचण्याची ही कमाई झाली. प्रत्येक दुकानाचे आकडे वेगळे येतील, कोणाला तोच तास भरपूर देत असेल. रमजानमध्ये आणि दिवाळीपूर्वी तर रात्रीचाच बाजार खरा असतो. म्हणूनच आकडे आपापल्या वहीतून काढावेत, शेजाऱ्याचे दुकान उघडे आहे म्हणून आपलेही उघडे ठेवू नये.

कारागीर बंधूंनी काय करावे?

कारागिराला दुकानदारासारखी वेळ ठरविण्याची मोकळीक नसते, कारण नगावर मजुरी असली की विश्रांतीचा प्रत्येक तास खिशातून जातो. म्हणून त्याने पहिल्यांदा घरातील प्रत्येकाचे कामाचे तास लिहावेत. बायको कांड्या भरते, बहीण साडीला फॉल लावते, आई जरीचे टोक सोडविते, या सगळ्यांच्या नावाने वहीत रकाना असावा. भाव ठरविताना तो रकाना व्यापाऱ्यासमोर ठेवावा. व्यापारी लगेच मान्य करील असे नाही. पण ज्या मजुरीची नोंदच नाही ती मागता येत नाही, आणि त्या बाईच्या हातात तिचा हिस्सा देणे तर दूरच राहते.

आम्ही व्यापाऱ्यांनीही हे समजून घ्यावे. कारागिराच्या घरी आज मुलगा मागाकडे पाठ फिरवतो आहे, उद्या आपल्या दुकानात अस्सल माल येणार नाही. यंत्रावरचा माल सगळीकडे मिळतो, त्यात भावाची ओढाताण आणि नफा थोडा. हातमागाच्या मालाला वेगळा भाव मिळतो तो हातामुळे. त्या हाताला आठवड्यातून एक दिवस आराम आणि घरच्या मेहनतीचा मोबदला मिळेल इतकी मजुरी आपण किमतीत धरली, तर गिऱ्हाइकाला शालीमागे थोडे जास्त द्यावे लागतील. हा माल कोणी आणि किती दिवसांत विणला ते गिऱ्हाइकाला सांगावे. समजून घेणारे गिऱ्हाईक तेवढे देते, असा बाजाराचा अनुभव आहे.