उसनवारीवर गेलेला खेळाडू आणि झोपेची गोळी

डिसेंबर २०२२. तुर्कस्तानातील इस्तंबूल शहर. बेशिक्ताश या नामांकित फुटबॉल क्लबचा चषक स्पर्धेतील सामना चालू होता. अर्धा तास होतो न होतो तोच प्रशिक्षकांनी एका खेळाडूला मैदानाबाहेर बोलावले. तो बाहेर निघाला तशा त्याच्याच क्लबच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडे शिट्टी कौतुकाची असते. तिकडे ती हुर्यो उडवण्यासाठी असते.

तो खेळाडू होता इंग्लंडचा डेली अली. वय २६ वर्षे. तोही काही ऐरागैरा नव्हता. सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघातून खेळू लागलेला, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडमधील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान मिळवलेला. २०१६-१७ च्या हंगामात टॉटनहॅम क्लबसाठी त्याने एकट्या प्रीमियर लीगमध्ये १८ गोल केले होते. २०१८ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात डोक्याने मारलेला त्याचा गोल साऱ्या जगाने पाहिला होता. अशा पोराचे चार वर्षांत असे काय झाले?

त्या वेळी वर्तमानपत्रांनी आणि फुटबॉलच्या जाणकारांनी उत्तर देऊन टाकले होते. पोरगा माजला. पैसा डोक्यात गेला. मेहनत करत नाही. नवे प्रशिक्षक शेनोल गुनेश यांनीही त्याची कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच्या खेळाचे काय झाले हे सगळे विचारत होते. पण माणूस म्हणून त्याचे काय झाले, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. आरोग्याच्या पानावर एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगते आहे ती त्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

उसना माणूस

आधी ही उसनवारी काय असते ते समजून घेऊ. एखाद्या क्लबला आपला खेळाडू सध्या नको असेल, तर तो त्याला ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडे खेळायला पाठवतो. याला ‘लोन’ म्हणतात. आपण शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतो, तसा हा उसना माणूस. करार जुन्या क्लबशी, घाम नव्या क्लबसाठी. मुदत संपली की परत.

तरुण खेळाडूला याचा फायदाही होतो, खेळायला मिळते. पण देश नवा, भाषा नवी, घर नवे, आणि स्वतःला सिद्ध करायला हातात मोजके सामने. ज्याचे मन आधीच जखमी आहे, त्याला असा एकटेपणा जास्त जड जातो. एव्हर्टन क्लबने ऑगस्ट २०२२ मध्ये डेलीला इस्तंबूलला पाठवले. तिथे सर्व स्पर्धा मिळून त्याने १५ सामने खेळले आणि ३ गोल केले. हंगाम संपण्याआधीच, एप्रिल २०२३ मध्ये, तो दुखापत घेऊन इंग्लंडला परतला. तपासणीत कळले की शस्त्रक्रिया करावी लागणार. शरीर असे, आणि मन त्याहून वाईट अवस्थेत.

तेव्हा त्याने स्वतःहून एक निर्णय घेतला. व्यसन आणि मनाच्या जुन्या जखमा यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात तो सहा आठवडे राहिला. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये माजी खेळाडू गॅरी नेव्हिल यांना मुलाखत देताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा सगळे उघड सांगितले.

सहा वर्षांचे मूल

मिल्टन कीन्स या गावात त्याचे बालपण गेले. आई दारूच्या आजाराने ग्रासलेली. घरी वरचेवर येणाऱ्या, आईच्या ओळखीतल्या व्यक्तीने तो सहा वर्षांचा असताना त्याच्यावर लैंगिक अत्याचार केला. मग शिस्त लागावी म्हणून त्याला आफ्रिकेत पाठवले गेले, तिथून पुन्हा परत. सातव्या वर्षी तो सिगारेट ओढू लागला. आठव्या वर्षी अमली पदार्थ पोहोचवू लागला. सायकलवरच्या लहान पोराला पोलीस अडवत नाहीत, असे कुणा मोठ्याने त्याला सांगितले होते. वर फुटबॉल, खाली माल. अकराव्या वर्षी एका माणसाने त्याला पुलावरून खाली लोंबकळत धरले. बाराव्या वर्षी मात्र एका कुटुंबाने त्याला आपले मूल म्हणून घरात घेतले. त्या कुटुंबाबद्दल तो आजही भरल्या मनाने बोलतो.

वाचकहो, यात आईला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण दारू हा आजार आहे, आणि आजारी आईला, तिच्या लेकराला वेळेवर मदत मिळाली नाही, हे खरे दुखणे आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या प्रेमळ घरात तो वाढला, त्या घरालाही त्याने हे मोकळेपणाने सांगितले नाही. भाऊ आणि मित्र काळजीने विचारत, आणि तो म्हणे, मी ठीक आहे. चोवीस वर्षांचा असताना एका सकाळी आरशात पाहून तो स्वतःलाच विचारत होता, की आता खेळ सोडता येईल का? जे काम आपल्याला सर्वांत प्रिय, त्यातूनच सुटका हवी वाटावी, इतके आतून तुटले होते. हाती पैसा होता, नाव होते. पण सहा वर्षांच्या मुलाची जखम पैशाने भरत नाही. ती कुणाला तरी सांगावी लागते.

गोळी झोप देते, उत्तर देत नाही

सांगण्याऐवजी त्याने काय केले? झोपेच्या गोळ्या घेतल्या. फुटबॉलमध्ये रात्री उशिरा सामने असतात, अंगात जोश भरलेला असतो, सकाळी पुन्हा सराव. त्यामुळे गोळी सहज मिळते आणि वापरलीही जाते. डेलीच्या सांगण्यानुसार हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पण त्याला झोप नको होती, त्याला आठवणी बंद करायच्या होत्या. सुट्टीच्या दिवशी तो सकाळी अकरापासूनच गोळ्या घेऊ लागे. मध्येच काही काळ बंद करी, बघा मला गरज नाही असे स्वतःला समजावी, आणि पुन्हा तिथेच येई.

हे का होते ते सोप्या शब्दांत सांगते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या नावांच्या गोळ्या मेंदूचे काम मंद करतात. काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत घेतल्या तर त्या उपयोगी औषध आहेत. पण रोज घेतल्या की मेंदूला त्यांची सवय होते. काल एका गोळीने झोप आली, उद्या दोन लागतात. गोळी नसेल तर झोप येत नाही, हात थरथरतात, छातीत धडधडते, चिडचिड होते. माणसाला वाटते आजार वाढला, म्हणून तो आणखी गोळी घेतो. असा हा फास आवळत जातो.

तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. पहिली, झोपेची गोळी आणि दारू कधीही एकत्र घेऊ नये. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच दगावू शकतो. दुसरी, बरेच दिवस गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून गोळी सोडवतात. तिसरी, शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी आपण घेऊ नये. वर सांगितलेल्या तिन्ही गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ठेवावे लागते, असा नियम आहे. तुमच्या ओळखीचा दुकानदार चिठ्ठी न पाहता सुट्या गोळ्या देत असेल, तर तो तुमच्यावर उपकार करत नाही.

आपल्या घरातले मूल

डेली हा मुलगा होता, हे मुद्दाम सांगते. अत्याचार फक्त मुलींवर होतात, मुलगा काय, तो बाहेर फिरला तरी चालतो, असे आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या बालकांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगे होते. म्हणूनच २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुली आणि मुलगे या दोघांनाही संरक्षण देतो.

एखादे मूल अचानक एका ठरावीक माणसाला टाळू लागले, त्या घरी जायला रडू लागले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, झोपेत दचकू लागले, शाळेतून वा खेळातून मन उडाले, तर आधी ओरडू नका, मारू नका. जवळ घ्या. मूल काही सांगू लागले तर मध्ये तोडू नका आणि पुन्हा पुन्हा उलटतपासणी करू नका. एवढेच सांगा, ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही.’ हे ऐकायला मिळाले नाही तर मूल गप्प होते, आणि ते गप्प बसणे वीस वर्षे टिकू शकते.

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने अशा मुलावर ताबडतोब आणि मोफत प्राथमिक उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा पोक्सोखाली गुन्हा आहे. नातेवाईक आहे, वस्तीतला मोठा माणूस आहे, घराची अब्रू जाईल, असल्या कारणांनी गप्प बसू नका. अब्रू गुन्हेगाराची जाते, लेकराची नाही.

आणि घरात मोठे कुणी दारू, गोळी किंवा मनाच्या दुखण्याशी झगडत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तीही मोफत आणि चोवीस तास. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. तिथे जाणारा माणूस वेडा नसतो. दाढ दुखली की दातांच्या डॉक्टरांकडे जातो, तसेच हे जाणे.

पुढे काय झाले

या गोष्टीचा शेवट सिनेमासारखा गोड नाही, तो तसा रंगवणारही नाही. उपचारानंतर दुखापतींनी डेलीचा बराच काळ खाल्ला. एव्हर्टनचा करार २०२४ मध्ये संपला. जानेवारी २०२५ मध्ये इटलीतील कोमो क्लबने त्याला घेतले. मार्चमध्ये मिलानविरुद्ध दोन वर्षांनी तो मैदानात उतरला आणि काही मिनिटांतच लाल कार्ड मिळून बाहेर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या क्लबशीही करार संपला.

मग उपचार वाया गेले का? अजिबात नाही. उपचार गोल करण्यासाठी नव्हते, जगण्यासाठी होते. उपचाराला कुणी ढकलून पाठवून उपयोग नाही, माणसाने स्वतः ठरवावे लागते, असे डेलीने त्या मुलाखतीत सांगितले. ते खरेच आहे. पण त्याने ठरवावे म्हणून दार उघडे ठेवणे आपल्या हातात असते. पोराचे गुण कमी झाले, तो खेळायला जाईना, कामावर टिकेना, रात्र रात्र जागू लागला, तर आळशी म्हणण्याआधी शेजारी बसून विचारा, ‘बाळा, तुला काय झाले?’ तो म्हणेल, मी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.