लगामाची निवड : दाब कुठे आणि किती

घोड्याच्या तोंडात पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली मोकळी जागा असते, आणि लगामाचा तोंडात बसणारा धातूचा आडवा दांडा, म्हणजे कडियाळे, याच जागी जिभेवर व हिरड्यांवर टेकते. या हिरड्यांखाली जबड्याच्या हाडाची अरुंद कड असून तिच्यावर मांसाचा थर नसतो. त्यामुळे कोणताही लगाम निवडताना त्याचा दाब कोठे पडतो आणि हाताची ओढ तो किती पटींनी वाढवतो, हे दोन प्रश्न मूलभूत ठरतात.

स्नॅफल या साध्या प्रकारात वाद्या कडियाळ्याच्या टोकांच्या कड्यांना थेट जोडलेल्या असल्याने ओढ जेवढी, तेवढाच दाब तोंडावर येतो. मात्र मध्ये एकच सांधा असलेले स्नॅफल अडकित्त्यासारखे मिटून जीभ दोन्ही बाजूंनी आवळते, तर दोन सांध्यांच्या स्नॅफलमध्ये हा दाब अधिक पसरतो. कर्ब या प्रकारात कडियाळ्याच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे आणि हनुवटीखाली साखळी असते, आणि त्यांचे कार्य तरफेप्रमाणे चालते : दांड्याचा खालचा भाग वरच्या भागाच्या दुप्पट असेल, तर साखळीवर ओढीच्या सुमारे दुप्पट बल येते. म्हणूनच प्रगत ड्रेसाजमध्ये, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धाप्रकारात, स्नॅफल व कर्ब एकत्र वापरणाऱ्या दुहेरी लगामासाठी स्वाराचा हात आधी स्थिर व्हावा लागतो.

ही जाण नवी नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील ग्रंथात एक गुळगुळीत आणि एक टोकदार अशी किमान दोन कडियाळी बाळगावीत, असे सुचवले. तर उत्तर आफ्रिकेतील न्युमिडियन घोडेस्वार लगामाविनाच लढण्यासाठी प्रसिद्ध होते.

कडियाळे नसलेल्या लगामाचा दाब नाक, हनुवटी, गाल किंवा कानांमागचा माथा यांवर येतो. साइडपुलमध्ये वाद्या नाकपट्ट्याच्या बाजूंना जोडलेल्या असतात आणि वळण्याची खूण स्पष्ट मिळते; बोसाल हा विणलेल्या कच्च्या चामड्याचा नाकपट्टा मेक्सिको व कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांच्या परंपरेतून आला आहे. यांत्रिक हॅकमोर या नाकपट्ट्याच्या लगामाला मात्र कर्बसारखेच दांडे असल्याने, तोंडात काही नसूनही तो कठोर ठरू शकतो. नाकाचे हाड नाकपुड्यांकडे निमुळते होत जाते. पट्टा त्या टोकावर उतरला, तर श्वासाला अडथळा आणि हाडाला इजा होण्याचा धोका संभवतो. त्यामुळे कडियाळे नसणे म्हणजे आपोआप सौम्यपणा, हा समज टिकत नाही.

प्रत्यक्ष निवडीत प्रथम पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत, कारण काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे येणाऱ्या लहान दातावर कडियाळे आदळून वेदना होतात. जाड कडियाळे नेहमीच सुखावह नसते. लहान तोंडात किंवा जाड जिभेवर ते अडगळ ठरते. मान झटकणे, तोंड उघडे ठेवणे, जीभ बाहेर काढणे ही लक्षणे हट्टाची मानून अधिक कडक लगाम चढवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय होय. भारतात 1965 च्या ओझेवाहू व ओढकाम करणाऱ्या जनावरांसंबंधीच्या नियमांनी काटेरी किंवा टोकदार लगाम वापरण्यास मनाई केली आहे. त्या मर्यादेच्या आत राहूनही चुकीच्या मापाचा लगाम आणि अस्थिर हात यांमुळे इजा होऊ शकते, म्हणून साधन बदलण्याआधी त्याचे माप आणि स्वाराचा हात तपासणे श्रेयस्कर ठरते.