टँकरच्या पाठीवरचा आकडा

मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या पाइपलाइनीतून आलेले इंधन तिथे टँकरमध्ये भरले जाते आणि पंपापंपांवर पोचते. दुसरीकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तेल कंपन्यांच्या डेपोंकडे निघते. दोन्ही टँकर लांबून सारखेच दिसतात. दोघांवरही लाल चौकोन, त्यात ज्वाला आणि खाली ३ हा आकडा, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. पोटात काय आहे हे सांगतो तो शेजारचा चार आकडी क्रमांक. पेट्रोलचा १२०३, इथेनॉलचा ११७०.

हा क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला, त्यामुळे जगभर एकच. आग लागली की त्याचे मोल कळते. पेट्रोलच्या आगीवर साधा फेस मारला तरी तो तेलावर थर धरतो. इथेनॉल मात्र पाण्यात विरघळते. ते फेसातले पाणीच ओढून घेते आणि थर विरून जातो. त्यासाठी अल्कोहोलपुढे टिकणारा वेगळा फेस लागतो. बंबात कोणता फेस भरून निघायचे, हे निघण्याआधी कळले पाहिजे. निफाड तालुक्यातल्या सायखेड्यासाठी नाशिकहून बंब निघाला तरी पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर आहे. तिथवर येऊन पुन्हा माघारी जायला वेळ कुठला?

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले. चार जणांचा जीव गेला, त्यात पुलाखालून जाणारेही होते. मिथेनॉलचा क्रमांक १२३०. त्याची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात ती जवळजवळ दिसतच नाही. समोर आग आहे हे डोळ्यांना कळत नाही तेव्हा आत असे रसायन आहे हे पाटीवरचा आकडाच सांगू शकतो.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर देशात धोकादायक रसायनांचे कायदे कडक होत गेले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा मालाच्या वाहतुकीसाठी १२९ ते १३७ हे नियम आले. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीची पाटी हवी. मालाचे नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, क्रमांक १०० मिलिमीटरचा, धोक्याचे चिन्ह २५० मिलिमीटर चौरसाचे, आणि मदतीसाठी फोन क्रमांक. शिवाय पाटी कायम स्वच्छ असावी, तिच्या आड काही येऊ नये, हेही नियमातच लिहिले आहे. चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण लागते आणि केबिनमध्ये मालाची सविस्तर माहिती देणारे ट्रेम कार्ड ठेवावे लागते. पण केबिनच पेटली, चालक बेशुद्ध पडला, तर ते कार्ड कोण वाचणार? म्हणून बाहेरची पाटी हवी. ती आरटीओला दाखवण्यापुरती नाही. अपघातानंतर पहिल्यांदा पोचणाऱ्या माणसासाठी ती आहे, आणि तो बहुधा शेजारच्या मळ्यातला शेतकरी किंवा मागून आलेला दुचाकीस्वार असतो.

आता एखाद्या उभ्या टँकरमागे जाऊन पाहा. पाटीचा नारिंगी रंग उन्हाने उडून गुलाबीसर झालेला. शिडीच्या दांड्या नेमक्या आकड्यांवरून गेलेल्या, त्यामुळे १२०३ की १२०२, म्हणजे पेट्रोल की डिझेल, ते कळत नाही. चाकांनी उडवलेला चिखल सगळ्यात आधी खालच्या ओळीवर बसतो आणि बऱ्याच गाड्यांवर फोन क्रमांक तिथेच असतो. दसऱ्याला बांधलेला झेंडूचा हार दिवाळीपर्यंत सुकून चिन्हावर लोंबत राहतो. हार जरूर बांधावा, श्रद्धेचा भाग आहे, पण तो बंपरला बांधला तरी पूजा पुरी होते. पाटीला लागते काय? बादलीभर पाणी, एक फडके आणि वर्षा-दोन वर्षांनी रंगाचा हात.

टँकर रिकामा झाला म्हणजे धोका संपला, हा समज फार पसरलेला आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत अशी वाफ साचून असू शकते. टाकी धुऊन निर्धोक होईपर्यंत पाटी झाकायची नाही. माल बदलला तर मात्र पाटीही बदललीच पाहिजे. चुकीचा आकडा कोऱ्या पाटीहून घातक.

पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर पूर्व इथे २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून न्यायला लोक डबे घेऊन धावले. भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडेही टँकर आडवा झाला की कॅन घेऊन पळणारे असतात. वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे वारा आपल्याकडून टँकरकडे जाईल अशा बाजूला, लांब उभे राहा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात पाटी मोठी करून आकडा टिपा. ११२ किंवा १०१ ला फोन लावून ठिकाण आणि तो आकडा सांगा. आकडा दिसत नसेल तर जवळ जाऊ नका, चिन्हाचा रंग तरी सांगा. लाल म्हणजे पेटणारे, पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी, अर्धे पांढरे अर्धे काळे म्हणजे आम्लासारखे जाळणारे.

चांदोरी आणि सायखेडा यांच्यामधून गोदावरी वाहते. इथे पाण्यात काही सांडले तर ते खाली नांदूरमध्यमेश्वरला जाते. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. तिथून निघालेले कालवे नगर आणि वैजापूर-गंगापूरच्या बाजूला जातात. कोणते रसायन मिसळले हे पाटीवरून लगेच कळले तर पाणी सोडणाऱ्यांना निर्णय घेता येतो, नाहीतर नमुने तपासून येईपर्यंत वाट पाहावी लागते.

टँकरला निदान पाटी असते, शेतीची औषधे नेणाऱ्या पिकअपला तीही नसते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे औषध विषारी आहे, कातडी भाजते, आणि अंगात दारू असेल तर त्रास कैकपटीने वाढतो. दुकानातून मळ्यापर्यंत त्याचे कॅन पिकअपमध्ये किराण्याच्या पिशव्यांना खेटून जातात, वर ताडपत्री. फुटलेल्या कॅनचे पाणी कशाचे आहे हे मागच्या हौद्यात बसलेल्या मजुरांनाही ठाऊक नसते. औषध विकणाऱ्या दुकानदाराने माल चढवतानाच ते चालकाला सांगावे, कॅनचे लेबल बाहेरच्या बाजूला येईल असे लावून घ्यावे, आणि त्या फेरीत हौद्यात माणसे बसवू नयेत. निफाड तालुक्यात छाटणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागेच असतो, म्हणजे हे बोलणे त्याआधीच व्हायला हवे.