छोट्या रणातील श्रमसहल

कच्छचे छोटे रण म्हणजे खाऱ्या मातीचे वाळवंट. पावसाळ्यात ते जलमय होते. तेव्हा ‘बेट’ नावाच्या उंचवट्यांवरील गवत हाच तेथील रानगाढवांचा आधार. त्यांच्या रक्षणार्थ १९७३ साली येथे अभयारण्य स्थापन झाले. क्षारांचा प्रसार थोपविण्यासाठी लावलेली परदेशी वेडी बाभूळ, गुजरातीतील ‘गांडो बावळ’, आता ही गवताळ भूमी व्यापीत आहे. तिच्या गोड शेंगा रानगाढवेच खातात आणि लिदीवाटे बी दूरवर पसरवितात! आमच्या श्रमसहलीत वनरक्षकांच्या देखरेखीखाली आम्ही तिची कोवळी रोपे समूळ उपटली. विद्यार्थिमित्रहो, वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरेच. परंतु कोणता वृक्ष कोठे लावावा, हा विवेक त्याआधी हवा.