आजीच्या बोटाला टचस्क्रीन दाद का देत नाही? फोनमध्ये करा हे सोपे बदल

"अगं आजी, इतकं जोरात नको दाबू!" हे वाक्य तुमच्याही घरात रोज ऐकू येत असेल. माझी आजी पवनारची. वर्ध्याजवळचं, धाम नदीकाठचं, विनोबांच्या आश्रमाचं हे गाव. तिचा जन्म कापूस वेचण्यात गेला. तिचा फोन सेट करून देताना जे समजलं, ते आज सोप्या भाषेत सांगतो.

बोट टेकलं तरी फोनला कळत का नाही?

आजकालच्या स्क्रीन 'कपॅसिटिव्ह' असतात. काचेखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं. बोट टेकलं की त्यात बदल होतो आणि फोनला जागा कळते. जोर किती लावला याच्याशी संबंध नाही. पण वयामुळे कोरडी झालेली त्वचा आणि कामाने पडलेले घट्टे यामुळे हा बदल कमी होतो. मग आजी आणखी दाबते आणि बोट तसंच धरून ठेवते. साधारण अर्धा सेकंद गेला की फोन त्याला 'लाँग प्रेस' समजतो. आयकॉन सरकतो, कधी अ‍ॅपच स्क्रीनवरून गायब!

काय कराल?

१. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. तिथे 'टच अँड होल्ड डिले' लाँग करा. कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते, म्हणून सेटिंग्जच्या सर्चमध्ये शोधा.

२. काही फोनमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असते, ती चालू करा. जाड स्क्रीन गार्ड काढून पातळ लावा.

३. 'टाइम टू टेक अ‍ॅक्शन' वाढवा. वाचायच्या आधीच निघून जाणारे मेसेज जास्त वेळ थांबतील.

४. स्वाइपऐवजी खालची तीन बटणं ठेवा. दिसणारं बटण लक्षात राहतं, न दिसणारी खूण राहत नाही.

५. फॉन्ट मोठा करा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. आयफोनवर आयओएस १७ पासून 'असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस' आहे, त्यात मोजकीच अ‍ॅप्स मोठ्या चौकोनांत दिसतात.

मराठी टायपिंगचं काय?

आपल्या आजी-आजोबांना क्वर्टी येत नसलं तरी बाराखडी पाठ असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्ड याच गोष्टीवर उभा आहे. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने असतात. 'क' वर बोट ठेवलं की का, कि, की अशा रूपांचं चक्र उघडतं. हव्या रूपाकडे बोट सरकवून उचललं की झालं. नवीन काही पाठ करायची गरज नाही, शाळेत शिकलेलंच कामी येतं.

हे इतकं महत्त्वाचं का?

स्क्रीन जमत नाही म्हणून आजी दुकानात फोन दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि यूपीआय पिनही मोठ्याने सांगायची. धोका इथेच आहे. पिन फक्त पैसे पाठवायला किंवा बॅलन्स बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. पेन्शनचा हयातीचा दाखलाही २०२१ पासून चेहरा दाखवून फोनवरूनच देता येतो. म्हणजे फोन नीट वापरता येणं हा आता हक्काच्या पैशांचा प्रश्न झालाय.

अ‍ॅप बनवणार असाल तर

गूगल बटणासाठी किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर जागा सुचवतं. अ‍ॅपलचा आकडा ४४ पॉइंट. म्हाताऱ्या हातांसाठी याहून मोठं आणि मोकळं ठेवा. तीन रेघांच्या आयकॉनखाली 'मेनू' असं लिहा. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येतो, म्हणून ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर फॉन्ट मोठा केल्यावर मात्रा कापल्या जातात. शेवटी अ‍ॅप एखाद्या आजीच्या हातात द्या आणि पाच मिनिटं काहीही न सांगता नुसतं बघा. कुठे अडतं ते आपोआप दिसेल.